शंका-समाधान : डचमध्ये दुसऱ्याची आज्ञा आणि विनंती कळवताना

प्रश्न : इंदूरमध्ये बसून डच ग्राहकांचे फोन घेते. ग्राहकाने काय करायला सांगितले, ते वरिष्ठांना डचमध्येच लिहून कळवायचे असते. 'तिने मला फॉर्म भरायला सांगितलं' यासाठी मी 'झ झै हत फॉर्म्युलीर इन त फ्युलन' असे लिहिते. शिक्षिका म्हणतात, अर्थ भलताच होतो. तो कसा? (एक वाचक, सुदामानगर)

उत्तर : शिक्षिकांचे बरोबर आहे. 'झै' (म्हणाली) नंतर नुसते 'त' आणि क्रियापद आले, की ती स्वतःबद्दल बोलते आहे असा अर्थ लागतो. तुमच्या वाक्यातून 'फॉर्म मी भरते, असं ती म्हणाली' एवढेच कळते. मराठीतल्या '-आयला सांगितलं'ची सवय इथे आडवी येते.

आज्ञा कळवायची सुरक्षित रचना अशी : 'झ झै दत् इक हत फॉर्म्युलीर मूस्त इनफ्युलन.' 'दत्' म्हणजे 'की'. त्यानंतर कर्ता, मग कर्म, आणि क्रियापदे सगळी शेवटी. आज्ञेचा जोर 'मूस्त' वाहते, म्हणून ते गाळू नका. मराठीत आपण बिनदिक्कत 'ती म्हणाली की फॉर्म भर' म्हणतो. डचमध्ये 'दत्'नंतर आज्ञार्थ चालतच नाही. 'इन मूस्त फ्युलन' असे तोडून लिहिलेलेही बरोबर असते. दोन्ही रूपे दिसली तर गोंधळू नका.

विनंतीसाठी क्रियापद बदलते, जोडशब्दही बदलतो : 'झ फ्रूख ऑफ इक विल्द तरुखबेलन' (मी उलट फोन करीन का, असे तिने विचारले). 'फ्रूख'बरोबर 'ऑफ' घ्या, 'दत्' नको. इथे 'विल्द'च्या जागी सवयीने 'मूस्त' टाकले, तर ती विनंती राहत नाही. 'मला उलट फोन करावा लागेल का, असे तिने विचारले' असा निव्वळ प्रश्न होतो. नोंदी लिहिणाऱ्यांच्या हातून ही चूक सर्रास होते आणि वाक्य व्याकरणशुद्ध असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुमची आवडती 'त'ची रचना मात्र इथे चालते : 'झ फ्रूख म ऑम तरुख त बेलन.' ज्याला विनंती केली तो 'म' (मला) आधी यायला हवा. 'ऑम' ठेवा किंवा गाळा. 'तरुखबेलन' एरवी एक शब्द, पण 'त' मध्ये शिरला की तीन शब्द सुटे लिहायचे.

सर्वनामे आणि काळवेळ बोलणाऱ्याऐवजी तुमच्या बाजूने बदला : 'हीर' (इथे) चे 'दार' (तिथे), 'मॉर्खन' (उद्या) चे 'द फॉल्खन्द दाख' (दुसऱ्या दिवशी).

प्रश्न : 'इथे सिगारेट ओढू नका' हे कसे कळवायचे? 'नीत मूस्त' की 'नीत मॉख्त'? (विद्यार्थी, स्नेहलतागंज)

उत्तर : मनाई असेल तर 'मॉख्त', अनेकवचनी 'मॉख्तन' : 'है झै दत् व दार नीत मॉख्तन रोकन.' 'नीत मूस्तन' लिहिले तर चूक नाही, पण तो सल्ला वाटतो : ओढू नये, बरे नव्हे. सूचनाफलकावरची मनाई कळवायला तो पुरत नाही.

'फरबोत' (मनाई केली) वापरायचे तर 'नीत' अजिबात नको : 'है फरबोत ऑन्स दार त रोकन.' क्रियापदातच नकार आहे. वर 'नीत' जोडला, की न ओढण्याची मनाई होते. 'यायची गरज नाही' यासाठी यातले काहीच चालत नाही. तिथे 'हूफ्द' लागते आणि त्याच्या मागे 'त' येतो : 'है झै दत् इक नीत हूफ्द त कॉमन.'