ब्राउनीच्या ऑपरेशनचे २८,००० : द्यावेत की नाही?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. ब्राउनीच्या ऑपरेशनला पैसे द्या, आणि उद्याचा दिवस वाया घालवू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं. नऊ वर्षांची लॅब्राडोर कुत्री, गर्भपिशवी काढलेली नाही. हीट, म्हणजे माज, येऊन गेल्याला दीडेक महिना झालाय. चार दिवस खाणं टाकलंय, पाणी मात्र भांडंच्या भांडं संपवतेय. कराडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून गर्भपिशवीत पू झाल्याचं सांगितलं आणि तपासण्या, भूल, ऑपरेशन, दोन दिवस सलाईन असा २८,००० चा अंदाज दिला. सासरे म्हणतात, एवढ्या पैशात एक चांगली शेळी दावणीला आली असती. आणि तुमच्या मनात आहे की या वयात खर्च करून उपयोग होईल का.

मी गेली कित्येक वर्षं कुत्री पाळतोय, साताऱ्यात घरी आणि वस्तीवरही. ओळखीच्यांच्या कुत्र्यांबरोबर दवाखान्यात बसून कितीतरी बिलं बघितली आहेत. त्यावरून माझं मत असं झालंय की बिलाचा आकडा बघून निर्णय घेऊच नये. आजार कोणता आहे आणि पैसे भरल्यावर जनावर त्यातून बरं होऊन बाहेर येतं का, एवढंच बघावं. काही मोठी बिलं डोळे झाकून भरण्यासारखी असतात. काही लहान बिलंसुद्धा नुसते हाल लांबवतात.

तुमचं बिल पहिल्या प्रकारातलं आहे. या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. हीट संपल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं, त्यात जंतू शिरतात आणि पू साठत जातो. त्याचं विष रक्तात भिनलं की मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती सारखी लघवी करते आणि सारखं पाणी पिते. योनीतून घाण बाहेर येत असेल तर थोडी तरी सवड मिळते. गर्भपिशवीचं तोंड बंद असेल तर पू आतच राहतो, पिशवी फुटू शकते, आणि मग वाचवणं फार अवघड होतं. ब्राउनीला बाहेर काही येत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणूनच मी घाई करा म्हणतोय. नुसत्या अँटिबायोटिकवर हे सहसा निभत नाही. चार दिवस बरं वाटतं आणि पुढच्या हीटनंतर पुन्हा तेच. ऑपरेशनमध्ये पिशवी आणि अंडाशय दोन्ही काढले की आजाराचं मूळच जातं. वेळेत ऑपरेशन झालेल्या बहुतेक कुत्र्या वाचतात आणि पंधरवड्यात घरभर फिरायला लागतात. नऊ वर्षं हे लॅब्राडोरचं उतरतं वय आहे हे खरं, पण त्यापुढेही दोन-चार वर्षं चांगली जाऊ शकतात.

दुसऱ्या प्रकाराचंही सांगतो, कारण प्रश्न तुमच्या एकटीचा नाही.

आमच्या वस्तीवर वाघ्या नावाचा कारवान जातीचा कुत्रा होता. तेराव्या वर्षी त्याचं मूत्रपिंड गेलं. तोंडाला लघवीसारखा उग्र वास यायचा, जिभेच्या कडेला फोड आले होते. संध्याकाळी ताटलीपाशी यायचा, दूध-भाकरी हुंगायचा, मान वळवायचा आणि आमच्याकडे बघत तसाच उभा राहायचा. सलाईन चालू असेपर्यंत क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालत नसलं की रक्तात वाढतं ते) थोडं उतरायचं, बंद केलं की परत वर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे मूत्रपिंड परत कामाला लागणार नाही. मोठ्या शहरात नेऊन आणखी पैसे घालायची आमची तयारी होती. पण त्या पैशात त्याला सुया, पिंजरा आणि अनोळखी हातच मिळाले असते. घरी कातडीखाली सलाईन दिलं, मळमळीचं औषध दिलं, आणि उठणंही बंद झालं तेव्हा डॉक्टरांना वस्तीवर बोलावून भूल देऊन शांत केलं. माझ्या वडिलांनी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. खर्च थोडा होता, निर्णय जड होता. तरी तो योग्य होता असं मी आजही ठामपणे म्हणतो.

मग ओळखायचं कसं? डॉक्टरांना सरळ विचारा: ही पूर्ण बरी होईल की फक्त दिवस वाढतील? बरी झाल्यावर स्वतःच्या पायावर चालेल, खाईल? या तपासणीने उपचारात काही बदल होणार आहे का, की नुसती माहिती मिळणार आहे? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. तुमच्या बाबतीत भूल देण्याआधीची रक्ततपासणी मात्र टाळू नका. पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन कळल्याशिवाय नऊ वर्षांच्या कुत्रीला भूल देणं धोक्याचं आहे. अंदाजपत्रकात कशाचे किती ते वेगळं लिहून मागा. शिवाय पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारांना जीएसटीची सूट आहे, तेव्हा उपचाराच्या रकमेवर तो वेगळा लावला असेल तर विचारा.

पैशाची खरंच ओढाताण असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय लक्षात ठेवा. १९८८ पासूनचं सरकारी कॉलेज, नागपूरच्या पशू विद्यापीठाखालचं. तिथल्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांवरही उपचार होतात आणि दर खासगीपेक्षा बरेच कमी असतात. कराडहून हायवेने दोनेक तास लागतात. पण निघण्याआधी फोन करून त्या दिवशी सर्जन आहेत का आणि ऑपरेशन होईल का हे पक्कं करा, कारण ब्राउनीला दोन दवाखान्यांत फिरवण्याइतका वेळ नाही. तुमच्या डॉक्टरांशीही बोला. अर्धे आता, बाकीचे दोन-तीन हप्त्यांत, असं आपल्याकडे बरेच डॉक्टर ऐकतात, पण ते ऑपरेशनआधी ठरवावं लागतं. घरात कुणाचं औषधपाणी किंवा मुलांची फी अडणार असेल तर ते आधी. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त शिरवळचा रस्ता बघितल्याशिवाय हात टेकू नका.

सासऱ्यांशी भांडू नका. ज्या पिढीने बेंदराला बैलाची शिंगं रंगवली, पुरणपोळी आधी बैलाला दिली, म्हातारा बैल बाजारात न नेता गोठ्यातच सांभाळला, तिला जनावराची माया शिकवायला लागत नाही. त्यांना शेळीचा हिशेब दिसतो कारण शेळी दूध देते, वाढते. त्यांना जवळ बसवून सांगा की ही नऊ वर्षं दारात बसलीय, रात्री-अपरात्री गेट वाजलं की आधी उठलीय, आणि हा आजार बरा होणारा आहे. बरा होणारा, हे शब्द त्यांच्यासमोर डॉक्टरांकडूनच येऊ द्या. सोबत त्यांनाच दवाखान्यात न्या. माझा अनुभव आहे, घरातला सगळ्यात विरोध करणारा माणूसच सलाईनची बाटली धरून सगळ्यात जास्त वेळ उभा राहतो.

ज्यांच्या घरी कुत्री लहान आहे त्यांनी हे वाचून पिल्लं नको असतील तर वेळेत पिशवी काढून घ्यावी. तेच ऑपरेशन निरोगी अंगावर केलं की खर्चही बराच कमी आणि धोकाही. पिल्लाची पार्वोची (रक्ताची हगवण लावणाऱ्या विषाणूची) लस दीड-दोन महिन्यांपासून सुरू करून चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करा. रक्ताची हगवण लागल्यावर आठवडाभर सलाईनवर ठेवायचं बिल कितीतरी मोठं असतं, आणि तरी सगळी पिल्लं वाचत नाहीत. गोचीड तापाचं तर औषधही स्वस्त आहे, डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे. लोक आठव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं की बंद करतात आणि महिन्याभराने प्लेटलेट्स पडलेलं कुत्रं घेऊन परत येतात.

आता आज रात्रीचं. ब्राउनीचा वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या फिकट, विटकरी किंवा गार लागल्या, पोट ताणलेलं दिसलं, किंवा ती उठेनाशी झाली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावा. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी अजिबात देऊ नका, कुत्र्याच्या पोटाला, यकृताला आणि मूत्रपिंडाला ती घातक ठरते. भुलीसाठी किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. पाण्याचं भांडं मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय उचलू नका, या आजारात पाणी तोडलं तर ती आणखी खचेल.