पिकअपच्या डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा सतत लागलेला आहे. एबीएस मॉड्यूल बदलावंच लागेल का?

मॉड्यूलचे (म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेच्या कंट्रोल युनिटचे) पैसे आत्ताच देऊ नका. तुम्ही लिहिलंय की पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग बदललं, थोड्याच दिवसांत हा दिवा आणि एबीएसचा दिवा दोन्ही लागले, स्कॅनरवर बिघाडाचा कोड दिसला नाही आणि गॅरेजवाले म्हणाले मॉड्यूल गेलंय. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. ही गाडी माझ्याकडे आली असती तर मी आधी त्या उजव्या चाकापाशीच बसलो असतो.

हा दिवा स्टॅबिलिटी कंट्रोलचा, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा. गाडी घसरताना तो लुकलुकला तर काळजी नको, यंत्रणा काम करतेय. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा लो गिअर) टाकल्यावर लागला तरी बऱ्याच फोर-बाय-फोर पिकअपमध्ये ते नेहमीचंच, तिथे स्टॅबिलिटी कंट्रोल आपोआप बंद होतं. तुमचा मात्र सतत पेटलेला आहे आणि सोबत एबीएसचाही आहे. दोन्ही यंत्रणा चाकांच्या वेगाचे तेच चार सेन्सर वापरतात, म्हणून संशय तिकडे जातो. नुसता स्टिअरिंगचा सेन्सर रुसला असता तर एबीएस सहसा चालू राहिलं असतं.

कोड दिसला नाही, याचं कारण बहुधा स्कॅनरच. मोबाइलला जोडायचा स्वस्त डोंगल बहुतेक वेळा इंजिनचेच, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो. एबीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात आणि मॉड्यूलची आपसातली बोलाचाली तुटली की ‘यू’ने. एबीएस मॉड्यूल उघडणारा स्कॅनर असलेलाच माणूस गाठा. स्कॅनरला बाकी सगळी मॉड्यूल सापडली आणि एबीएसचंच सापडलं नाही, तरी आधी त्याचा फ्यूज, सप्लाय आणि अर्थिंग तपासायला सांगा.

कोड वाचून थांबू नका. लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचा वेग लावा आणि मोकळ्या रस्त्यावर सरळ, सावकाश गाडी चालवा. स्क्रीन शेजारी बसलेल्याने बघायची, चालवणाऱ्याने नाही. तीन चाकं १० दाखवताहेत आणि एक शून्यावर, किंवा ब्रेक लावून थांबताना एक आकडा बाकीच्यांच्या आधीच शून्यावर पडतोय, तर चोर सापडला.

तो उजवा पुढचाच निघाला तर बेअरिंग बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या काळ्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर तीच वाचतो. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्या. फिटरने बेअरिंग उलटं दाबलं की पट्टी बाहेर आणि सेन्सर आत, मग सिग्नल येणार कुठून? चाक मात्र मख्खन फिरतं, आवाज नाही, खेळ नाही, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. बिनपट्टीचं बेअरिंग बसवलं तरी हेच होतं. उरलेला खोका असेल तर नंबर जुळवा. (पट्टी ओळखायला बारीक टाचणी पुरते, पट्टीच्या बाजूला ती ओढली जाते; मोठं चुंबक तिच्याजवळ नेऊ नका, पट्टी खराब होईल.)

बेअरिंग बरोबर असेल तर सेन्सरची वायर. हब (चाक बसतं तो मधला भाग) काढताना ती ओढली जाते, क्लिप परत लावायची राहते आणि पूर्ण स्टिअरिंग वळवलं की वायर टायरला घासते. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून आतून हात फिरवा. कपलर (वायरचा जोड) उघडा, पिनांवर हिरवट थर असेल तर पाणी गेलंय. सेन्सर जुन्या पद्धतीचा, कॉइलवाला असेल तर मल्टीमीटरवर साधारण १००० ओहमच्या आसपास काहीतरी दिसेल, डाव्या चाकाशी ताडून बघा. नव्या हॉल (इलेक्ट्रॉनिक) सेन्सरला ओहम लावून काही कळत नाही; त्याला सप्लाय पोचतोय का ते बघायचं.

चारही आकडे सारखे आले तर गोष्ट वेगळी. बॅटरी बघा, गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. ब्रेक दाबल्यावर मागचे लाइट लागतात ना आणि सोडल्यावर विझतात ना, तेही. पेडलवरचा तो स्विच स्वस्तातला आहे. चारही टायर एका मापाचे आहेत का? अलाइनमेंट केलं असेल तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग अँगल शून्याजवळ दिसायला हवा, नाहीतर स्कॅनरवरून कॅलिब्रेशन करून घ्या.

मॉड्यूल खरंच जातंही, नाही असं नाही. पण पंपाच्या मोटरचा किंवा आतल्या व्हॉल्व्हचा कोड, तोही सप्लाय आणि अर्थिंग चोख असताना आला, तरच मी ते मान्य करेन. शिवाय नवं मॉड्यूल बसवून भागत नाही, बऱ्याच गाड्यांत त्याचं कोडिंगही लागतं. तो खर्च सांगितलेल्या रकमेत धरलाय का, विचारा.

तोवर साधा ब्रेक लागेल, पण जोरात दाबला तर चाकं लॉक होतील. हौदा रिकामा असताना मागचा भाग हलका असतो, ओल्या घाटात सांभाळून. पिवळ्या दिव्यांसोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला तर गाडी उभी करा, ब्रेक ऑइल बघा आणि दुरुस्तीशिवाय हलवू नका.

‘सी’वाला कोड मिळाला की गाडीच्या मॉडेल आणि वर्षासकट इथे टाका, पुढचं सांगतो.