आयरिश कविता वाचायला घेताय? मग इथून घ्या

आयरिश कवी येट्सच्या समग्र कविता विकत घेऊ नका. पहिली चूक तीच. (मीही केली, तो ठोकळा दोन वर्षं उशाशी नुसता पडून होता.) त्याची 'ईस्टर १९१६' ही एकच कविता घ्या. ब्रिटिश राजवटीविरुद्ध डब्लिनमध्ये १९१६च्या ईस्टरला झालेल्या उठावानंतर इंग्रजांनी पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या. त्यांत पिअर्स, मॅकडोना, प्लंकेट हे स्वतः कवी. सुरुवातीला एवढा इतिहास पुरे.

आता गंमत बघा. क्लबात शेकोटीपाशी याच माणसांची टिंगल करायचं आपल्या मनात यायचं, हे येट्स कबूल करतो. गोळ्या घातलेल्यांपैकीच एक, मॅकब्राइड, त्याला तर सरळ दारुडा, बढाईखोर म्हणतो. येट्सचा जिच्यावर जीव, त्या मॉड गॉनचा हा विभक्त नवरा! तरी शेवटी त्याचंही नाव घेतोच. वर, हे मरण नाहक तर नव्हतं ना, असंही विचारतो.

दुसरी चूक म्हणजे कवी कोणत्या बाजूचा, हे आधीच ठरवून टाकणं. त्यावर उतारा म्हणून उत्तर आयर्लंडचा कवी शेमस हीनी याची 'पनिशमेंट' वाचा, १९७५च्या 'नॉर्थ' संग्रहातली. उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षाच्या काळात ब्रिटिश सैनिकांशी सूत जुळवलं म्हणून मुलींना डांबर फासलं जात होतं आणि आपण गप्प उभे होतो, हे तो स्वतःबद्दल लिहितो.

गेलिक, म्हणजे आयरिश भाषेतले छंद, पुराणकथा नंतर बघू. आधी दोन्ही मोठ्यानं वाचा, अडलं की विचारा.