स्वतःचा ट्रक ट्रान्सपोर्ट कंपनीला अटॅच करून परवडतं का?

तुम्ही विचारलंय की इतकी वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, आता जुनी दहा चाकी घ्यायची आहे. ती चाकणच्या एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीला अटॅच करावी, म्हणजे गाडी आपली पण काम कायम त्या कंपनीचं, की ब्रोकरकडून भाडी घेत खुली चालवावी? मी मालकही आहे आणि ड्रायव्हरही. आधी खुल्या बाजारात गाडी पळवली, आता पुणे-बेंगळुरू लाइनला कंपनीकडे लावली आहे. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

अटॅच करा, पण दर बघून करू नका. टनाला किती, किलोमीटरला किती, हे सगळेच आधी विचारतात आणि कंपनीचा माणूसही त्यावरच तासभर बोलतो. तुमचं खरं गणित दोन गोष्टींवर ठरतं. गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचं कोण भरणार, आणि बिल किती दिवसांनी खात्यात पडणार.

बिलाचं आधी बघू. चाकण-बेंगळुरू जाऊन-येऊन साधारण 1,700 किलोमीटर. भरल्या गाडीला 4 चा ॲव्हरेज धरला तर 425 लिटर डिझेल, आणि लिटरला 90 रुपये धरले तर 38,000 च्या वर गेले. फास्टॅगमधून टोल कापला जातो तो वेगळा. हा सगळा पैसा गाडी हलण्याआधी हातात लागतो. ब्रोकर दलाली खातो, बॅलन्स म्हणजे उरलेलं भाडं द्यायच्या वेळी फोन उचलत नाही, सगळं खरं. पण भाड्याचा मोठा हिस्सा ॲडव्हान्स देतो आणि डिझेल त्यात भागतं. कंपनीत फार तर पंपाची स्लिप किंवा डिझेल कार्ड मिळतं. बाकीचं बिल महिना-दीड महिन्याने, आणि तेही पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) ऑफिसला जमा झाल्यापासून दिवस मोजून. पोच हरवली की बिल अडकलंच. बँकेला किंवा फायनान्सवाल्याला यातलं काही सांगून उपयोग नसतो, हप्त्याची तारीख बदलत नाही. म्हणून दोन महिन्यांचं डिझेल, टोल आणि हप्ता बाजूला ठेवल्याशिवाय अटॅचमेंटच्या फंदात पडू नका.

एक काम पहिल्याच आठवड्यात करा. उद्यम पोर्टलवर नोंदणी करून घ्या, फुकट आहे. नोंदणी झालेल्या लहान उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावं लागतं, त्यानंतर व्याज लागतं. शिवाय उशीर केला तर पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय कंपनीला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही, हा नियम अलीकडचा आहे आणि अकाउंट्सवाल्यांना तो बरोबर ठाऊक असतो. बिलाच्या खाली उद्यम नंबर छापा. भांडणापेक्षा तो नंबर जास्त काम करतो.

आता उभी गाडी. प्लांटच्या गेटबाहेर रांगेत दिवस जातो, उतरवणाऱ्याच्या गोडाऊनला जागा नसते, मध्ये रविवार येतो. करारात हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याची भरपाई, लिहिलेलं असतं, पण ते किती तासांनंतर सुरू होतं ते वाचा. आणि गाडी पोचल्याची वेळ पोचेवर सही-शिक्क्यासह घेतली नसेल तर हॉल्टिंग कागदावरच राहतं. मी गेटवर पोचलो की आधी मोबाइलवर फोटो काढतो, मग चहा. पार्सल आणि कुरिअरवाल्या कंपन्यांत महिन्याला फिक्स रक्कम अधिक किलोमीटरला दर, असा करार असतो. तिथे मिनिमम किलोमीटरची हमी लिहून घ्या, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत आणि मंदीत गाडी यार्डात धूळ खाईल. त्यांच्याकडे लोड नसेल त्या दिवशी बाहेरचं भाडं मारायची मुभा आहे का, हेही विचारा. आणि डिझेल वाढलं तर दर वाढेल ही ओळ नसेल तर सही करू नका.

गंमत बघा, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या नसतील तर आयकर खातं मोठ्या गाडीला एकूण वजनाच्या दर टनामागे महिन्याला 1,000 रुपये नफा धरतं. दहा चाकीचं 28.5 टन, म्हणजे 28,500 रुपये. गाडी महिनाभर उभी होती का पळत होती, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

बाकी कागदांचं थोडक्यात. बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, कंपनी फाडते, तुम्ही तिला फक्त गाडी भाड्याने देता, म्हणून तुमच्या भाड्यावर जीएसटी लागत नाही. दहा किंवा कमी गाड्या असतील तर पॅनसह डिक्लेरेशन दिलं की टीडीएस कापत नाहीत. न देता कापू दिला तर रिटर्न भरून परत मिळेपर्यंत वाट बघा. बिल्टीवर नाव कंपनीचं, त्यामुळे मालाची जबाबदारीही कायद्याने तिचीच, तरी करारात शॉर्टेज-डॅमेज तुमच्या भाड्यातून कापायची ओळ असतेच. ती काढणार नाहीत, पण सील शाबूत असेल तर कपात नाही, एवढं तरी जोडून घ्या. हमाली आणि वराई (माल चढवण्या-उतरवण्याच्या वेळी गाडीवाल्याकडून घेतले जाणारे पैसे) कोणाची, हेही लिहून हवं. आपल्याकडे ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणून आंदोलनं झाली, तरी गोडाऊनला शेवटी ड्रायव्हरच्याच खिशाकडे बघतात.

आरसीवर मंजूर असलेल्या वजनापेक्षा जास्त भरायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, वर जादा टनाला 2,000. चलान गाडीच्या नंबरवर येतं आणि ज्याने भरायला सांगितलं तो सुपरवायझर तेव्हा ओळखही दाखवत नाही.

आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, कुठल्याही परिस्थितीत तुमच्याच नावावर हवी. “गाडी कंपनीच्या नावावर घेऊ, हप्ते तुमच्या भाड्यातून कापू” असं कोणी सुचवलं तर चहा पिऊन निघा. काम सुटलं तर गाडीही जाते आणि भरलेले हप्तेही.

जुनी गाडी बघताना हेही धरा की आठ वर्षांपर्यंत पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दोन वर्षांनी असतं, पुढे दरवर्षी. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता 2022 च्या दराने 43,950 रुपये आहे, आणि जुनी म्हणून त्यात सूट नाही. नॅशनल परमिटचे वर्षाला 16,500. काही कंपन्या ठरावीक वयाच्या पुढची गाडी लावूनच घेत नाहीत, म्हणून आधी कंपनी ठरवा, तिची अट विचारा आणि मग गाडी बघायला जा. कंपनीची खरी माहिती ऑफिसात मिळत नाही. तिच्या यार्डाबाहेरच्या टपरीवर संध्याकाळी जाऊन बसा आणि अटॅच गाडीवाल्यांना एवढंच विचारा, मागच्या वेळचं बिल कधी निघालं.