ग्रहाजवळून गेलेल्या यानाचं मूळ रेडिओ रेकॉर्डिंग का जपतात, आणि त्याच्यासोबत एवढ्या फायली कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नासाचं न्यू होरायझन्स हे यान 14 जुलै 2015 ला प्लूटोजवळून गेलं, त्याच्या रेडिओ प्रयोगातून प्लूटोच्या वातावरणाचा दाब निघाला, तो शोधनिबंधात छापूनही आला. मग मूळ रेकॉर्डिंग नासाच्या संग्रहात जपून ठेवायचं कारण काय? आणि ते डाउनलोड केलं तर डेटाच्या एका फायलीबरोबर हवामान, अँटेना, घड्याळ अशा भलत्याच फायलींचा ढीग का मिळतो?

मी ग्रहविज्ञानाच्या डेटासेटवर काम करते. रेडिओ सायन्सच्या फायली संग्रहात जाण्याआधी तपासणं हा त्या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी प्लूटो बाजूला ठेवून गुरूचं उदाहरण घेते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. 5 मार्च 1979 ला व्हॉयेजर 1 गुरूजवळून गेलं आणि पृथ्वीवरून पाहता गुरूच्या मागे गेलं. याला पिधान म्हणतात. मागे जाताना आणि पुन्हा बाहेर येताना यानाच्या रेडिओ लहरी गुरूच्या वातावरणातून आपल्याकडे आल्या. वातावरणात लहर किंचित वाकते आणि तिची वारंवारता अपेक्षेपेक्षा थोडी सरकते. हे सरकणं क्षणाक्षणाला मोजलं की कोणत्या उंचीवर वायू किती दाट आहे ते काढता येतं. पण दाटपणावरून तापमान काढायचं, तर तो वायू कशाचा बनलेला आहे हे आधी धरावं लागतं. हायड्रोजनमध्ये हेलियम जास्त असेल तर तेच मोजमाप जास्त तापमान देतं. तेव्हाच्या शास्त्रज्ञांनी त्या काळच्या माहितीनुसार हेलियमचं प्रमाण धरलं. डिसेंबर 1995 मध्ये गॅलिलिओ मोहिमेचा प्रोब, म्हणजे मुख्य यानानं सोडलेलं छोटं उपकरण, प्रत्यक्ष गुरूच्या वातावरणात शिरला, आणि हेलियम त्याहून बरंच जास्त निघालं.

मग व्हॉयेजरची तापमानं नव्यानं काढणं ओघानंच आलं. ते काम 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. तापमानं आधी छापलेल्यापेक्षा 4 केल्विनपर्यंत जास्त निघाली. 1 बार दाबाच्या, म्हणजे साधारण पृथ्वीवर समुद्रसपाटीला असतो तेवढ्या दाबाच्या, पातळीवर मोजलेल्या दोन ठिकाणी 167.3 आणि 170.3 केल्विन, दोन्हींत 3.8 इकडेतिकडे. हा फरक किरकोळ वाटेल, पण गुरूच्या पोटात काय आहे याची मॉडेलं याच 1 बारच्या तापमानापासून खाली उतरत जातात. सुरुवातच हलली की खालचं सगळं हलतं.

यातली मला मनापासून खटकणारी गोष्ट पुढे आहे. व्हॉयेजरची गुरूवरची ही मोजमापं संग्रहात कधी गेलीच नव्हती. निबंध छापले गेले, आलेख छापले गेले, आणि सगळ्यांना वाटलं काम झालं. हातात फक्त तापमानाचा आलेख असेल तर हेलियमचं प्रमाण बदलून गणित पुन्हा मांडता येतं, पण तेवढंच. संदेशाची तीव्रता कुठे किती घटली, त्यातला किती भाग अमोनियानं शोषला, यानाचा मार्ग त्या वेळी नेमका कसा धरला होता, गोंगाट किती होता, यातलं काहीही मुळापासून तपासता येत नाही. छापलेल्या आकड्यात त्या काळची सगळी गृहीतकं मुरलेली असतात आणि ती वेगळी काढता येत नाहीत. शिवाय यान ग्रहाजवळून एकदाच जातं. प्लूटोकडे पुन्हा यान कधी जाईल याचा पत्ता नाही. म्हणून नियम साधा आहे: जितकं कच्चं मिळेल तितकं कच्चं ठेवायचं.

आता हे कच्चं म्हणजे काय ते सांगते. अँटेनाशी दोन प्रकारचे रिसीव्हर जोडलेले असतात. एक संदेशाला पकडून त्याच्या मागोमाग जातो आणि वारंवारतेचे तयार आकडे देतो. रोजच्या मार्गनिश्चितीला हा उत्तम. पण पिधानाच्या वेळी संदेश क्षीण होतो, एकाच वेळी दोन वाटांनी येतो, अचानक उडी मारतो, आणि या रिसीव्हरची पकड नेमकी हव्या त्या क्षणी सुटते. म्हणून दुसरा, खुला रिसीव्हर लागतो. तो संदेशाचा पाठलाग करत नाही. वारंवारतांच्या ठरलेल्या पट्ट्यात जे काही येतंय ते सगळं जसंच्या तसं नोंदवतो, संदेश शोधायचं काम नंतर संगणकावर. आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटीच्या 45 मीटरच्या अँटेनांनी 19 ऑक्टोबर 2016 ला मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली लँडरचा क्षीण संदेश थेट पृथ्वीवरून ऐकला होता आणि उतरण्याच्या जरा आधी तो बंद पडल्याचंही टिपलं होतं. ज्यांनी त्याबद्दल वाचलं असेल त्यांना अशा ऐकण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

खुल्या रिसीव्हरच्या फायलीत सॅम्पलच्या, म्हणजे लहरीच्या क्षणाक्षणाच्या मोजमापांच्या, जोड्या असतात. जोडीतले दोन आकडे म्हणजे एकाच लहरीची पाव आवर्तनाच्या फरकानं घेतलेली दोन मापं, त्यांना आय आणि क्यू म्हणतात. समजा प्रत्येक आकडा 16 बिटांचा आहे आणि सेकंदाला 1000 जोड्या घेतल्या. एका जोडीला 4 बाइट, सेकंदाला 4000 बाइट, तासाला 14.4 मेगाबाइट. फोनवरचे चारपाच फोटो! पट्टा रुंद घेतला तर आकार वाढतो, पण आजच्या काळात जागेअभावी कच्चा डेटा टाकून दिला हे कारण मी तरी मान्य करत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच 4 बाइटांत आहे. दोन बाइटांपैकी मोठा आधी की लहान आधी, हे फायलीकडे बघून कळत नाही. क्रम उलटा धरला तर 1 चा 256 होतो. हा घोटाळा निदान लगेच लक्षात येतो, कारण आलेखात नुसता कचरा दिसतो. आय आणि क्यूची अदलाबदल त्याहून घातक आहे. तसं झालं तर आलेख एकदम सुबक येतो, संदेशाची रेघ स्वच्छ दिसते, फक्त सगळा वर्णपट, म्हणजे वारंवारतांचा आलेख, आरशातल्यासारखा उलटा होतो. वारंवारता वाढत असेल तिथे घटताना दिसते आणि वातावरणाचा परिणाम उलट्या चिन्हानं निघतो. म्हणून आधी काय, नंतर काय, चिन्ह कोणतं, हे लेबलमध्ये, म्हणजे डेटासोबतच्या वर्णनाच्या फायलीत, स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. जुन्या फायलींत तर दशांश आकडे व्हॅक्स संगणकाच्या पद्धतीनं साठवलेले सापडतात, काही नोंदी 36 बिटांचा शब्द वापरणाऱ्या मशिनांसाठी बनलेल्या होत्या. ती मशिनं गेली. त्यांची पद्धत लिहिलेला कागद जपला गेला म्हणून आकडे आजही वाचता येतात.

पुढे वेळ. नोंद पृथ्वीवर झाली तर वेळ अँटेनाच्या घड्याळाची, यानावर झाली तर यानाच्या घड्याळाची, आणि प्लूटोच्या वेळी या दोहोंत प्रकाशाला लागणारे सुमारे साडेचार तास होते. त्यात 2015 च्या 30 जूनला, म्हणजे प्लूटोभेटीच्या फक्त दोन आठवडे आधी, जगभरच्या घड्याळांत एक लीप सेकंद घातला गेला. यान प्लूटोजवळून सेकंदाला जवळपास 14 किलोमीटर वेगानं जात होतं. तो एक सेकंद विसरलात तर यान 14 किलोमीटर चुकीच्या जागी बसतं, आणि तुम्ही मोजताय त्या वातावरणाचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या साधारण एक लाखांश आहे. लीप सेकंदांची यादी, यानाच्या घड्याळाचा ताळमेळ, यानाचा मार्ग आणि यानाचं तोंड कुठल्या दिशेला होतं, या चार गोष्टी स्पाइस नावाच्या फायलींच्या संचात असतात. त्यांच्याशिवाय सॅम्पलना काहीच अर्थ नाही.

हवामानाची फाइल कशाला, हे तुम्ही खास विचारलंय. लहर शेवटचे काही किलोमीटर आपल्याच वातावरणातून येते किंवा जाते, आणि अँटेनावरच्या हवेतली वाफ तिला उशीर करते. तो उशीर वजा केला नाही तर ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराजवळच्या अँटेनावरचे ढग गुरूच्या वातावरणात मोजले जातील. तसंच आयनांबर, म्हणजे आपल्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, आणि सूर्यापासून वाहणारा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू. व्हॉयेजर एस आणि एक्स अशा दोन पट्ट्यांत बोलायचं, त्यांच्या वारंवारतांचं गुणोत्तर 3 ला 11. प्लाझ्माचा परिणाम वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे एस पट्ट्यावर तो 13 पटींहून जास्त पडतो आणि दोन्हींच्या फरकातून वेगळा काढता येतो. याचाच अर्थ दोन्ही पट्ट्यांची रेकॉर्डिंग सोबतच जपली पाहिजेत. एक गमावलं तर दुसरं अर्धं निकामी.

न्यू होरायझन्सच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. नेहमी यान पाठवतं आणि पृथ्वी ऐकते. इथे उलट केलं. डीप स्पेस नेटवर्क या, दूरच्या यानांशी बोलणाऱ्या नासाच्या जाळ्यातल्या मोठ्या अँटेनांनी पृथ्वीवरून 4.2 सेंटिमीटरच्या लहरी पाठवल्या आणि यानावरच्या रेक्स या उपकरणानं त्या नोंदवल्या. जमिनीवरून जितकी शक्ती लावता येते तिच्या पासंगालाही यानाचा ट्रान्समीटर पुरत नाही, त्यामुळे संदेश गोंगाटातून कितीतरी वर येतो. पण मग पृथ्वीवरची नोंद कमी महत्त्वाची ठरते का? उलट, ती नसेल तर यानावरचं रेकॉर्डिंग वाचताच येत नाही. कोणत्या अँटेनानं, कोणत्या क्षणी, नेमक्या कोणत्या वारंवारतेवर पाठवलं, ती वारंवारता मधे बदलली का, शक्ती किती होती, हे सगळं कॅलिफोर्नियात किंवा ऑस्ट्रेलियात लिहिलं गेलं. सॅम्पल यानाच्या मेमरीत साठले. त्या भेटीचा सगळा डेटा खाली यायला ऑक्टोबर 2016 उजाडला. पाठवणं आणि मिळणं यांत एवढं अंतर पडलं की जमिनीवरच्या नोंदी तोवर कुठल्या तरी तात्पुरत्या डिस्कवरून पुसल्या जाण्याचा धोका खरा असतो. माझ्या मते संग्रहाची योजना यान उडण्याआधी लिहिली पाहिजे ती याचसाठी.

कोणती फाइल पुढे कामाला येईल हे आपल्याला आज ठरवता येत नाही, आणि याचं पायोनियर 10 आणि 11 या नासाच्या जुन्या यानांइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. गुरूजवळून, आणि पायोनियर 11 च्या बाबतीत शनीजवळूनही, गेल्यानंतर ही दोन्ही यानं अपेक्षेपेक्षा जराशी जास्त मंदावत होती. जादा त्वरण मीटर प्रति सेकंद वर्गाच्या एक अब्जांशाहूनही कमी, पण डॉप्लरच्या, म्हणजे यानाच्या वेगामुळे वारंवारता किती सरकते त्याच्या, नोंदींत स्पष्ट दिसणारं. गुरुत्वाकर्षणाचे नियमच चुकीचे आहेत इथपर्यंत लोक गेले. उत्तर मिळालं ते यानांच्या तापमानाच्या आणि विजेच्या जुन्या नोंदींमधून. उष्णता सगळ्या दिशांना सारखी बाहेर पडत नव्हती आणि तिचाच बारीकसा धक्का यानाला लागत होता, हे 2012 मध्ये सिद्ध झालं. यानातल्या अमुक भागाचं तापमान 1980 च्या अमुक दिवशी किती होतं, ही मोहीम संपल्यावर कोण बघणार अशी नोंद. ती टिकली कारण काही माणसांनी आपणहून जुन्या माध्यमावरून नव्या माध्यमावर उतरवून ठेवली. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. पण संग्रह माणसांच्या चांगुलपणावर सोडायची गोष्ट नाही, आणि नासाचा ग्रहांच्या डेटाचा संग्रह, म्हणजे प्लॅनेटरी डेटा सिस्टिम, उभी राहिली ती हेच काम नियमानं व्हावं म्हणून.

तिथे डेटा दिला की तो थेट कपाटात जात नाही. मोहिमेशी संबंध नसलेले दोनचार शास्त्रज्ञ बसतात आणि फक्त दिलेल्या कागदपत्रांच्या आधारे फायली उघडून बघतात. मी अशा तपासणीला बसते तेव्हा डेटा बनवणाऱ्यांना मुद्दाम काही विचारत नाही. एखादी छापील आकृती निवडते, तिच्यातलीच वारंवारतेची रेघ कच्च्या सॅम्पलपासून काढून बघते. वाटेत कुठे अंदाज करावा लागला, की तिथे दस्तऐवजात काहीतरी कमी आहे असं समजायचं आणि ते यादीत लिहायचं. यादीतली प्रत्येक त्रुटी दूर होईपर्यंत डेटासेट पक्का होत नाही. सगळ्यात जास्त त्रुटी कशात सापडतात? एककांत. हर्ट्झ की किलोहर्ट्झ, वेळ सॅम्पलच्या सुरुवातीची की मधली, शक्ती कशाच्या तुलनेत. लिहिणाऱ्याला ते इतकं पाठ असतं की लिहायचं राहूनच जातं.

आता तुमच्यासाठी. रेक्सच्या फायलींवर काम करायचं असेल तर लेबल आणि दस्तऐवजांचं फोल्डर आधी वाचा, सॅम्पल नंतर. लेबलमध्ये वर्षातला दिवस क्रमांकानं दिलेला असेल. 2015 मध्ये 14 जुलै म्हणजे 195 वा दिवस. चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते पडताळायचा आकडा, जुळतोय का ते बघा, अर्धवट डाउनलोड झालेली फाइलही गुपचूप उघडते. पिधानाचा तुकडा पहिल्यांदा घेऊ नका. त्याच्या आधीचा, प्लूटो वाटेत नसतानाचा शांत तुकडा घ्या, यानाचा मार्ग आणि पाठवलेली वारंवारता वापरून संदेश कुठे दिसायला हवा ते काढा, आणि तो तिथेच दिसतोय का ते तपासा. ठरल्या बाजूला दिसला तर आय, क्यू आणि घड्याळ तिन्ही बरोबर वाचलंत. शून्याच्या, म्हणजे पट्ट्याच्या मध्याच्या, पलीकडे तितक्याच अंतरावर दिसला तर आय आणि क्यूची अदलाबदल झाली आहे. ती दुरुस्त करून मग पिधानाकडे वळा.