राइड द्यायचीच असेल तर पहिली तात्या विंचूला द्या

तुम्ही विचारलंय की सिनेमातल्या कोणकोणत्या फेमस पात्रांवर थीम पार्कात नवीन राइड यायला पाहिजे, आणि का. माझा पहिला नंबर झपाटलेलामधला बाहुला तात्या विंचू, दुसरा तुंबाडमधला शापित देव हस्तर, आणि बारक्या लेकरांसाठी धडाकेबाजमधला बाटलीतला गंगाराम. आता का ते सविस्तर सांगतो, कारण हा विषय मला लई आवडतो.

पात्र किती गाजलं यावरून राइड ठरवू नये. त्या पात्रामुळं राइडमध्ये बसलेला माणूस तीन-चार मिनिटांत कोणत्या भानगडीत सापडतो, ते बघायचं. आमच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते, तिथं आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेकडान्स, कोलंबस सगळं असतं आणि प्रत्येकाच्या फळ्यांवर सिनेमाचे हिरो-हिरोईन, स्पायडरमॅन, छोटा भीम असं काय काय ऑइलपेंटनं रंगवलेलं असतं. ब्रेकडान्सच्या मागच्या फळीवर हिरो असतो, त्याचं नाक एका पत्र्यावर आणि डोळे दुसऱ्या पत्र्यावर, मधून बोल्ट मारलेला. पाळणा सुरू झाला की त्या चित्राकडं कोणी बघतसुद्धा नाही, पोटात गोळा येतो तो मशीनमुळं, हिरोमुळं नाही. मोठ्या पार्कात पण कितीतरी वेळा हेच होतं बघा, पेंट भारी असतो एवढाच फरक. कॅलिफोर्नियात डिस्नेच्या पार्कात टॉवर ऑफ टेरर म्हणून लिफ्ट धाडकन खाली सोडणारी राइड होती, 2017 मध्ये तीच लिफ्ट ठेवून तिला गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सीचं रूप दिलं. म्हणजे मशीन तेच राहतं आणि पात्र बदलता येतं, म्हणूनच पात्र निवडताना डोकं लावायला लागतं, नाहीतर नुसता बोर्ड बदलल्यासारखं होतं. उलटं पण घडलंय, पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही आधी राइड होती, 1967 ची, सिनेमा 2003 मध्ये आला. तिथं आधी जग उभं केलं होतं, होडीत बसून चाच्यांच्या मधून जायचं, जॅक स्पॅरो नंतर आला.

आपल्याकडच्या पात्रांवर राइड झाल्याच नाहीत असं नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकात मिस्टर इंडियाची मोशन सिम्युलेटर राइड आहे, म्हणजे समोर पडदा आणि त्याबरोबर खुर्ची हलते तशी. दुबईत बॉलिवूड पार्क्स 2016 मध्ये सुरू झालं होतं, त्यात लगान, डॉन, क्रिश आणि शोलेच्या राइड होत्या, ते पार्क 2023 मध्ये बंद पडलं. पण शोलेच्या राइडची आयडिया मला आजपण एकदम बरोबर वाटते, गाडीत बसायचं, हातात बंदूक आणि गब्बरला शोधत निघायचं. गब्बर काय करतो हे लांबून बघत बसायचं नाही, तुम्हालाच त्याच्या मागं पाठवलंय. पात्र असं पाहिजे.

आता तात्या विंचू. झपाटलेला आला 1993 मध्ये, महेश कोठारेंचा, आणि तो बाहुला रामदास पाध्येंनी बनवलेला. आमच्या पिढीतली लेकरं रात्री कपाटावरच्या बाहुल्याकडं पाठ करून झोपायची नाहीत, इतकी त्या बाहुल्याची दहशत होती. राइडसाठी हे पात्र का फिट आहे तर एक म्हणजे तो बुटका आहे. सगळ्या राइडमध्ये राक्षस मोठा, डायनासोर मोठा, म्हणून तुम्ही वर बघता. इथं खाली बघायला लागेल, पलंगाखाली, खुर्चीमागं, तुमच्या स्वतःच्या पायापाशी. डार्क राइड करायची, अंधाऱ्या घरातून रुळावर हळूहळू जाणारी गाडी, वेग अजिबात नको. सुरुवातीला बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचं स्टेज, खुर्चीवर बाहुला गप बसलेला. पुढच्या खोलीत तीच खुर्ची रिकामी. बस, एवढ्यावर अख्खी गाडी ओरडायला लागते बघा, एक रुपयाचं ग्राफिक्स लागत नाही. आणि माझं ठाम मत आहे की तो स्क्रीनवर दाखवू नये, खरा बाहुलाच पाहिजे, मान वळवणारा, जबडा हलवणारा. शेवटी भुवयांच्या मधोमध नेम धरायचा, सिनेमात तो तिथं गोळी लागली तरच मरतो, त्यामुळं प्रत्येक गाडीला शेवट वेगळा मिळेल, नेम लागला तर सुटलात नाहीतर बाहेर पडेपर्यंत तो मागं.

हस्तरसाठी तर मी हट्टच धरीन. तुंबाड 2018 चा सिनेमा, राही अनिल बर्वेंचा, थिएटरला परत लागला 2024 मध्ये तेव्हा तर लोकांनी अजून जास्त डोक्यावर घेतला. त्यात सिनेमाचा हिरो विनायक दोराला धरून खाली देवीच्या गर्भात उतरतो, पिठाचं रिंगण काढून त्यात बसतो, कणकेची बाहुली टाकतो, हस्तर ती खायला धावला की त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी ओढायची आणि वर पळायचं. ह्यात राइड वेगळी बनवायची गरजच नाही, उतरणं आहे, थांबणं आहे, हात घालणं आहे आणि सुसाट वर येणं आहे. बाकीच्या ड्रॉप राइडमध्ये वर नेतात आणि खाली सोडतात, इथं मजा उलटी, खाली हळूहळू जायचं आणि वर झटक्यात यायचं. गोल बाकावर सगळे बाहेर तोंड करून बसलेले, चारी बाजूला लालभडक ओल्या भिंती, आणि प्रत्येकाच्या समोर एक नाणं, घ्यायचं का नाही ते तुम्ही ठरवा. जितके जास्त जण हात घालतील तितके हस्तर जास्त, सिनेमात पण जास्त बाहुल्या नेल्यावर हेच झालेलं. लोभाची शिक्षा अख्ख्या बाकाला मिळते, त्यामुळं ओळख ना पाळख अशी माणसं एकमेकांना "घेऊ नका हो" म्हणून ओरडतील.

रांगेसाठी तर आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, डोळ्यासमोर ठेवा. सेलू तालुक्यात आहे, पायऱ्या गोल फिरत खाली जातात. रांग तशी गोल गोल उतरत न्यायची, प्रत्येक फेरीला उजेड थोडा कमी. तास-तास रांगेत उभं राहून माणूस वैतागतो, इथं रांगच निम्मी राइड होईल. ही राइड बारक्या लेकरांसाठी नाही मात्र, तिथं वयाची अट कडक पाहिजे.

लेकरांना गंगाराम. लक्ष्मीकांत बेर्डेंचा तो बाटलीतला इटुकला माणूस. लेकरांना बाटलीच्या आकाराच्या काचेच्या डब्यात बसवायचं आणि बाहेर सगळं अवाढव्य करायचं, चहाचा कप खोलीएवढा, उंदीर बैलाएवढा, आणि त्याच सिनेमातल्या व्हिलनचा, कवट्या महांकाळचा हात बाटली उचलायला येतोय. वेग नको, घाबरवणं नको, खिदळत बाहेर पडली पाहिजेत.

आता कोणाला देऊ नये ते पण सांगतो, लोक नाराज झाले तरी. बनवाबनवीचा धनंजय माने मला तोंडपाठ आहे, पण त्याची सगळी मजा बोलण्यात आणि टायमिंगमध्ये आहे, राइडच्या आरडाओरड्यात संवाद कोणाला ऐकू येणार? त्याच्यासाठी लाइव्ह नाटकच चांगलं. सैराटची आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते म्हणून तिच्यावर राइड करा असं बरेच जण म्हणतात, पण त्या सिनेमाचा शेवट माहिती असताना त्यावर हसत-खेळत बसायला मला तरी जमणार नाही. आणि महाराजांवरच्या सिनेमातलं कुठलंच पात्र राइडमध्ये नको, तिथं मान झुकवून बघायचं असतं, सीटबेल्ट लावून किंचाळायचं नसतं. बाहुबलीचा धबधबा चढायची राइड मात्र चालेल, हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत सेट बघून झाला की पोरं तेच विचारतात.

पार्क कुठं हे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. आमच्याकडच्या शाळांची सहल एकतर हैदराबादला रामोजीत जाते नाहीतर रात्रभर बसमध्ये बसून खोपोलीला. समृद्धी महामार्ग आता जालना आणि छत्रपती संभाजीनगरवरून थेट मुंबईकडं जातो, वेरूळ-अजिंठा बघायला बाहेरची माणसं तशीपण येतात. तात्याच्या राइडला डोंगराएवढा रोलर कोस्टर लागत नाही, एक मोठं शेड, रूळ, अंधार आणि चांगले बाहुले बनवणारी माणसं लागतात, तेव्हा सुरुवात तिच्यापासून आणि इकडं मराठवाड्यातूनच करावी असं माझं म्हणणं आहे.