वाचकांचे प्रश्न : दारापुढचा कावळ्यांचा रातथारा

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे राहतो. नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी आमच्या इमारतीपुढील झाडांवर शेकडो कावळे मुक्कामाला येतात. गाड्या आणि पदपथ विष्ठेने माखतात, आणि अंधार पडेपर्यंत कावळ्यांची शाळा भरलेली असते. काही शेजारी लेझरने त्यांना हुसकावण्याचे म्हणत आहेत. घरात लहान मूल आहे. विष्ठेमुळे आजार होईल का, आणि हे कावळे आता कायमचेच राहणार का?

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो : नाही, कायमचे राहणार नाहीत. तुमच्या झाडांवरचा हा हिवाळी रातथारा आहे, म्हणजे केवळ रात्र काढण्याची सामाईक जागा. वीण जवळ आली की जोड्या आपापल्या हद्दीत परततात आणि साधारण फेब्रुवारी-मार्चपासून गर्दी ओसरू लागते. आपल्याकडचा राखी मानेचा गावकावळाही पिल्ले मोठी झाल्यावर वडा-पिंपळांवर असाच मोठ्या संख्येने मुक्कामाला जातो, तेव्हा यात विपरीत असे काही नाही. मात्र जागा मानवली तर पुढच्या हिवाळ्यातही ते येतील, हे धरूनच चालावे.

रान सोडून ते शहरात का येतात, हे कळले तर पुढचे सोपे होते. झोपलेल्या कावळ्याचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे तिकडचे मोठे शिंगाळे घुबड. ते अंधारात येते, आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात कावळ्यांना ते वेळेवर दिसते. काँक्रीट आणि डांबर दिवसाची ऊब रात्री धरून ठेवतात, आणि शहराच्या हद्दीत सहसा बंदूक चालत नाही. म्हणजे ज्या गोष्टींसाठी आपण शहरात राहतो, जवळपास त्याच गोष्टींसाठी तेही येतात.

लेझरचा विचार तुमच्याच शहराने केला होता. जानेवारी 2022 मध्ये सनीव्हेलच्या नगर प्रशासनाने मध्यवर्ती भागातील कावळ्यांवर सुमारे 20 डॉलरचे हिरवे लेझर वापरण्याचे ठरवले, तेव्हा पक्ष्यांच्या डोळ्यांना इजा होईल म्हणून स्थानिक पक्षिप्रेमींनी हरकत घेतली. ती हरकत मला मनापासून पटते. शिवाय माणसाच्या आणि वैमानिकाच्या डोळ्यांनाही तो झोत घातक असतो. कावळ्यांना हवे तसे मारण्याचा मार्ग तर कायद्याने अडवलेला आहे : 1918 च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याचे संरक्षण त्यांना 1972 पासून मिळालेले आहे.

हुसकावण्यातली खरी अडचण वेगळीच आहे. कावळा उडाला म्हणजे नाहीसा झाला असे नव्हे. तो पुढच्या गल्लीतल्या झाडावर बसतो, आणि तुमचा त्रास दुसऱ्याच्या दारात जातो. ओरेगॉनमधील पोर्टलंड शहरात 2017 पासून प्रशिक्षित हॅरिस ससाणे फिरवून मध्यवस्तीतील कावळ्यांना नदीकाठच्या उद्यानाकडे सरकवण्याचा प्रयत्न झाला. त्यांतला मोलाचा भाग मला ससाण्यांपेक्षा नदीकाठ वाटतो : कोठून हलवायचे याबरोबर कोठे राहू द्यायचे, हेही तेथे ठरवलेले होते. तुम्हीही तसेच करा. सूर्यास्ताच्या तासभर आधी बाहेर उभे राहा. थवे थेट झोपायच्या झाडावर येत नाहीत. आधी एखाद्या मैदानावर किंवा छपरावर जमतात, गलका करतात आणि उजेड जाता जाता एकदम उठून झाडांवर उतरतात. ती झाडे आठवडाभर नोंदवा. प्रवेशद्वारावरची आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेवरची दोन-तीन झाडे मोकळी हवी असतील, तर हंगामाच्या सुरुवातीलाच, रोज संध्याकाळी, थवा बसण्याच्या वेळी टाळ्या वाजवून त्यांना तेथे टेकू देऊ नका. परसातली किंवा वाहनतळाच्या कडेची झाडे मात्र त्यांना निर्वेध सोडा, आणि गाड्या तेवढ्या महिन्यांपुरत्या दुसरीकडे लावा. कचऱ्याचे डबे झाकलेले असावेत, हे वेगळे सांगायला नको.

आजाराविषयी : विष्ठा साचून खतावलेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते, आणि तिची धूळ श्वासात गेल्यास फुप्फुसांना संसर्ग होतो. अमेरिकेत तिचा प्रादुर्भाव मुख्यतः ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत आढळतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका; तरी वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूने कधीच झाडू नये. आधी पाणी शिंपडून ती पूर्ण भिजवावी, हातमोजे आणि एन-95 मास्क घालून मग काढावी, आणि त्या वेळी मुलाला घरात ठेवावे.

सकाळी झाडाखाली विष्ठेपासून वेगळी दिसणारी, बोटाच्या पेराएवढी एखादी गोळी पडलेली आढळेल. अन्नातला न पचलेला भाग कावळे असाच ओकून टाकतात. काडीने ती अलगद उकला : आत बिया, फळांच्या साली, कधी हाडाचा बारीक तुकडा दिसेल. मुलाला ती जरूर दाखवा, फक्त हात लावू देऊ नका.